संकटकाळ, कला आणि माणसाचे शरीर

(लोणावळा येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा संपादित भाग.)

शिबिराच्या संयोजकांनी मला दिलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कालच्या सत्रात कंत्राटी कामगार, जमीन संपादन, पाण्याचे वाटप असे प्रश्न चर्चिले गेले, आणि आज सकाळी एक निवृत्त चित्रकला-शिक्षक उठून माणसाच्या शरीराचे चित्र कसे काढावे यावर बोलणार. चहाच्या वेळी एका तरुण मित्राने मला सरळच विचारले, "सर, लोकांच्या पोटाला नाही आणि आपण शरीराचे सौंदर्य काय घेऊन बसलो?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

या प्रश्नाला आजवर दोन उत्तरे दिली गेली आहेत. पहिले असे की कला स्वयंभू आहे, दुष्काळ येवो की दंगल, चित्रकाराने आपले रंग आणि रेषा पाहाव्यात. हे उत्तर आपल्याला पटणारे नाही आणि त्यावर मी वेळ घालवीत नाही. दुसरे उत्तर आपल्या घरचे आहे. ते असे की संकटकाळात कलेने संकट दाखवावे, हाडांचा सापळा दाखवावा, रक्त दाखवावे, म्हणजे समाज जागा होईल. हे उत्तर मीही एके काळी देत होतो. ते अपुरे आहे, एवढेच नव्हे तर त्यात एक अन्याय दडलेला आहे, हे मला एका स्त्रीने शिकवले. तिची हकिकत प्रथम सांगतो.

१९७२ चा पाऊस गेला आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर दुष्काळ कोसळला. आपल्या मावळात डोंगर पाणी धरून ठेवतात, तेव्हा इथे त्याची झळ कमी. परंतु याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांत, विहिरींनी तळ गाठला होता. सरकारने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर राबणाऱ्यांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर गेली होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि सर्वांत अधिक म्हणजे खडी फोडणे. मी त्या वेळी नुकताच चित्रकलेची पदविका घेऊन बाहेर पडलो होतो. कार्यकर्त्यांच्या एका तुकडीबरोबर मी शिरूरकडच्या एका कामावर गेलो आणि तिथे आठ दिवस रेखाटने केली.

त्यातले एक रेखाटन एका पन्नाशीच्या बाईचे होते. ती उकिडवी बसलेली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डाव्या हाताने दगड धरलेला आणि उजव्या हातात खडी फोडायची हातोडी. गळ्याच्या हाडांखाली खड्डे पडले होते; पण खांद्यापासून मनगटापर्यंतची रेषा अशी होती की तीस वर्षे शेतात राबलेल्या माणसाचीच ती असू शकते. ती रेषा मला साधली, याचा मला त्या वयात मोठा अभिमान वाटला होता.

पुण्यास परतल्यावर मदतनिधीसाठी एक हस्तपत्रक काढायचे ठरले. आमच्याच एका समितीने ते रेखाटन निवडले. ठसा तयार करताना जागा कमी पडली, म्हणून चित्राचा उजवीकडचा भाग छाटण्यात आला. हातोडी गेली. दगडही गेला. उरला तो खोल गेलेला चेहरा आणि पुढे आलेला डावा हात, ज्यात आता काही नव्हते. खाली मदतीचे आवाहन होते. पत्रकाने काम चोख केले, निधी चांगला जमला. मी छाटणीला हरकत घेतली नाही. चांगल्या कामासाठी एवढे चालते, असे मी स्वतःला समजावले.

महिनाभराने धान्य घेऊन आम्ही त्याच कामावर गेलो. पत्रकाची एक प्रत कोणीतरी तिथे नेली होती. त्या बाईने ती घडी करून कनवटीला खोचून ठेवली होती. मला पाहताच तिने ती उलगडली आणि म्हणाली, "दादा, ही मीच ना? मंग माझी हातुडी कुठं गेली? मी काय भीक मागत व्हते व्हय?" मी काहीतरी सारवासारव केली. तिने पुढे विचारले, "आन् खाली नाव न्हाई घातलं?" मला तिचे नावच ठाऊक नव्हते. आठ दिवसांत मी ते विचारलेच नव्हते.

मित्रहो, मला आज जे सांगायचे आहे ते या दोन प्रश्नांत सारे आले आहे. दुष्काळाने तिचे धान्य नेले, गुरे नेली. परंतु तिच्या हातातली हातोडी दुष्काळाने नेली नव्हती. ती आम्ही नेली. कष्ट करून जगणाऱ्या स्त्रीचे आम्ही याचकात रूपांतर केले, आणि तेही तिच्या कैवाराच्या नावाने.

आता कोणी म्हणेल की भुकेचे चित्र काढायचे म्हणजे हे अपरिहार्यच आहे. तसे नाही. याला आपल्या देशातच मोठा दाखला आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद हे तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यातून हिंडले. त्यांनी जे पाहिले ते काळ्या शाईने रेखाटले आणि त्याबरोबर वृत्तान्तही लिहिला. 'हंग्री बेंगॉल' हे त्यांचे पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळले. सुमारे पाच हजार प्रती नष्ट झाल्या. कुटुंबीयांनी जपलेली एक प्रत वाचली आणि २०११ मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाले. चित्तप्रसाद कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स वॉर'साठी चित्रे काढीत. त्या काळात लोकयुद्धाच्या प्रश्नावर आपले आणि कम्युनिस्टांचे किती तीव्र मतभेद होते हे इथे सांगण्याची गरज नाही. तथापि चित्रकाराचे ऋण मानताना ते मतभेद आड येऊ देण्याचे कारण नाही. पुढे चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला येऊन राहिले आणि १९७८ मध्ये वारले.

त्यांच्या रेखाटनांत मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. चित्रातल्या माणसांविषयी त्यांनी नोंदी ठेवल्या: हा कोण, कुठल्या गावचा, काय काम करीत होता, त्याची जमीन कशी गेली, घरातले कोण गेले. त्यामुळे ते चित्र 'भुकेचे' राहात नाही, एका माणसाचे होते. तो माणूस भुकेला आहे आणि त्याला भुकेला कोणी ठेवले याचा जाब त्या नोंदीतून आपोआप उभा राहतो. निनावी सापळा पाहून दया येते. नाव, गाव आणि धंदा असलेला माणूस पाहिला की प्रश्न पडतो. साम्राज्य सरकारला दयेची भीती नव्हती, प्रश्नाची होती. म्हणून पुस्तक जळाले. त्याच दुष्काळावर आपल्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला, आणि गिरणगावातल्या श्रोत्यांपुढे बंगालचा शेतकरी उभा केला. पोवाडा हा शूराचा प्रकार. तो दुष्काळग्रस्तांसाठी वापरणे यातच एक भूमिका होती, असे मी समजतो.

येथवर दुःखी शरीराविषयी बोललो. पण माझ्या तरुण मित्राचा प्रश्न सुंदर शरीराविषयी होता. संकटकाळात सुदृढ, आनंदी, देखणे शरीर घडविणे हा लोकांशी द्रोह आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. या सभागृहापासून काही मैलांवर कार्ल्याचा डोंगर आहे.

आपण सर्व एकवीरेच्या पायऱ्या चढून गेलेले आहात. देवीच्या मंदिराशेजारी जे चैत्यगृह आहे ते सुमारे १२४ फूट लांब असून भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. इसवी सनाच्या आगेमागे पहिल्या-दुसऱ्या शतकात ते घडले. त्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. पुष्कळ प्रवासी घाईने आत जातात, स्तूप पाहतात, कमानीतल्या मूळच्या लाकडी फासळ्या पाहून आश्चर्य करतात आणि परततात. मी आपल्याला विनंती करतो की पुढच्या वेळी त्या जोड्यांपुढे अर्धा तास उभे राहा. रुंद खांदे, भरलेले दंड, पायांत जड वाळे, कानांत मोठी कुंडले. पाय जमिनीवर घट्ट रोवलेले. एकमेकांच्या खांद्यावर सहज टाकलेला हात. आणि मुख्य म्हणजे स्त्री पुरुषापेक्षा दुय्यम नाही. ती त्याच्या बरोबरीने, त्याच्याच ऐटीत, समोर पाहात उभी आहे. पुढच्या शतकांत स्त्रीचे शरीर जे वाकले, झुकले आणि लाजले, त्याचा इथे मागमूस नाही. नंतरच्या काळात या जोड्यांच्या मधल्या जागेत बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, तरी मूळच्या जोड्यांचे तेज लपत नाही.

आणि हा काळ शांततेचा होता काय? मुळीच नाही. याच दशकांत क्षहरात क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात घाटवाटांसाठी आणि बंदरांसाठी झुंज चालली होती. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरच तिचा पुरावा आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख तिथे आहे. आणि सत्तापालटानंतर सातवाहन राजाने मामाल येथील अमात्याला पाठविलेली, तेच गाव भिक्षूंकडे ठेवण्याची आज्ञाही त्याच भिंतीवर आहे. मामाल म्हणजे आपले मावळ. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राज्ये अशी एकमेकांची नाणी पुसत होती तेव्हा इथे हे शरीर घडत होते.

ते कोणी घडविले? राजांनी नव्हे. चैत्यगृहातले खांब धेनुकाकट या गावच्या लोकांनी दिले. त्यांत स्वतःला यवन म्हणविणारे अनेक आहेत. सुगंधी द्रव्यांच्या एका व्यापाऱ्याने दार दिले. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असे अभिमानाने लिहून ठेवले. आणि एका भिक्षूने मिथुन, म्हणजे स्त्री-पुरुषांची जोडी, दान दिल्याची नोंद आहे. संसार सोडलेला माणूस दगडात संसारी जोडपे कोरवून घेतो, याचा अर्थ काय? त्याला देह ही लाजिरवाणी गोष्ट वाटत नव्हती, असे मला दिसते. धेनुकाकटाचा शोध घेत दामोदर धर्मानंद कोसंबी याच डोंगरांतून पायी हिंडले. दान देणाऱ्या सामान्य माणसांची नावे हा इतिहासाचा खरा दस्तऐवज आहे, ही दृष्टी आपल्याला त्यांच्याकडून मिळाली.

तेव्हा माझ्या तरुण मित्राला माझे उत्तर असे आहे. संकटकाळात ताठ उभे राहिलेले शरीर घडविणे हा पळ नव्हे. माणूस कसा असू शकतो, कसा असायला हवा, याची आठवण समाजाने कुठेतरी जपून ठेवावीच लागते. उपासमारीला अन्याय म्हणायचे तर पोटभर जेवलेल्या शरीराची कल्पना मनात असावी लागते. ती नसेल तर उपासमार ही नियती वाटू लागते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर मी आपली दिशाभूल करीन. कार्ल्याच्या भिंतीवर दात्यांची नावे आहेत. ज्या करजिक गावाचे उत्पन्न भिक्षूंना लावून दिले, त्या गावच्या शेतकऱ्याचे तिथे काय आहे? त्याच्या घामावर लेणे चालले. त्याचे नाव नाही, रूप नाही. ज्यांनी छिन्नी चालविली त्यांतल्या एकाचे नाव मात्र निसटून आपल्यापर्यंत आले आहे: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, ज्याने प्रवेशद्वार घडविल्याचे लिहिले आहे. बाकी सारे हात निनावी. समोर भाज्याला जा. तिथे चौदा स्तूप आहेत आणि त्यांतल्या काहींवर स्थविरांची नावे कोरली आहेत. तिथे नाव आहे, शरीर नाही. कार्ल्याच्या जोड्यांना शरीर आहे, नाव नाही. आणि ज्यांनी दोन्ही डोंगर पोखरले त्यांना नाव नाही आणि शरीरही नाही. आपल्या कलेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी रिकामी जागा आहे.

ही प्राचीन काळाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपण काल ज्या आगगाडीने घाट चढून आलात त्या बोरघाटाचे उदाहरण घ्या. १८५६ ते १८६३ या काळात हा चढ बांधला गेला. सुमारे पंधरा मैलांचा मार्ग आणि पंचवीस बोगदे. जानेवारी १८६१ मध्ये इथे ४२ हजार माणसे एका वेळी कामावर होती. कॉलऱ्याने, तापाने आणि सुरुंगांनी हजारो मेली. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजुरांनी उठाव केला; हिंदी मजुरांच्या आरंभीच्या संघर्षांत त्याची गणना व्हायला हवी. पुढे आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काही दिवसांतच वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, काम पुरे करवून घेतले. तिचे कौतुक जरूर व्हावे. पण त्या बेचाळीस हजारांतल्या एकाचाही पुतळा, एकाचेही चित्र या घाटात का नसावे? लोणावळ्यात मेणाच्या पुतळ्यांची संग्रहालये आहेत. नटनट्या, खेळाडू, पुढारी यांच्याशेजारी उभे राहून लोक छायाचित्रे काढून घेतात. त्यात वावगे काही नाही. मात्र ज्यांच्या अंगमेहनतीवाचून हे गाव थंड हवेचे ठिकाण झाले नसते, त्यांचे मेणाचेसुद्धा शरीर या गावात नाही.

आता आपल्या चळवळीकडे वळतो, कारण दुसऱ्याचे दोष सांगणे सोपे असते. आणीबाणीत ज्यांनी छळ सोसला त्यांत स्नेहलता रेड्डी यांचे नाव आपण आदराने घेतो. २ मे १९७६ रोजी त्यांना अटक झाली. बंगलोरच्या तुरुंगात त्यांचा दमा बळावत गेला. १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले आणि पाच दिवसांनी त्यांचे निधन झाले. दरवर्षी आपण त्यांना हुतात्मा म्हणून वंदन करतो. परंतु 'संस्कार' या १९७० च्या कन्नड चित्रपटात चंद्रीची भूमिका करणारी ही थोर अभिनेत्री होती, शरीर आणि आवाज हेच तिचे साधन होते, आणि तुरुंगाने नेमके तेच साधन मोडले, हे आपण कितीदा सांगतो? आपणही तिच्या हातातली हातोडी काढून घेतलेली आहे. आपल्या स्मृतीत तिचे आजारपण उरले आणि तिचे काम गळाले.

याच्या उलट एक चांगले उदाहरणही आपलेच आहे. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनी मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन उतरल्या. त्या मोर्चांचे चित्र आठवा. संकट तेच होते, भूकही तीच होती. पण चित्रातल्या स्त्रीच्या हातात तिचे रोजचे साधन होते, आणि ते उगारलेले होते. त्या चित्राकडे पाहून कोणाला दया आली नाही. सत्ताधाऱ्यांना धडकी भरली.

मावळातल्या प्रत्येक घराला ९ ऑगस्ट २०११ हा दिवस आठवतो. पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊर येथे जमले. क्रांतिदिनीच पोलिसांनी गोळीबार केला. दोन पुरुष आणि एक स्त्री प्राणास मुकली. त्यांची नावे इथे सर्वांना पाठ आहेत. त्यांच्या घरच्यांची अनुमती मी विचारलेली नाही, म्हणून व्यासपीठावरून मी ती उच्चारीत नाही. या घटनेनंतर मावळात कितीतरी फलक लागले. बहुतेकांवर तीन लहान चौकटींत तीन चेहरे आणि त्यांच्याहून चौपट मोठे पुढाऱ्यांचे चेहरे होते. यात सर्व पक्ष आले. ही माणसे कोण होती? श्रावणात गुडघाभर चिखलात उभे राहून भात लावणारी. मावळच्या माणसाच्या पाठीची ती वाकलेली रेषा, हातातली रोपांची जुडी, डोक्यावरचे इरले, हे त्या फलकांवर कुठेच नव्हते. पाणी हे त्यांच्या मागणीपत्रातले एक कलम आहे असे वाचणाऱ्याला वाटले. वस्तुतः ते पाणी त्यांच्या पिंढऱ्यांपर्यंत रोज चढत होते. ते चित्र कोणी काढले असते, तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्या लढ्याचा अर्थ अग्रलेखांहून अधिक कळला असता.

अगदी अलीकडचे सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत देशभरचे मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. वृत्तपत्रांत जे छायाचित्र सर्वांच्या मनात राहिले त्यात शरीर नव्हते, रुळांवर विखुरलेल्या पोळ्या होत्या. त्या चित्राने मृतांची विटंबना केली नाही आणि तरीही सारे सांगितले. वाटेसाठी बांधून घेतलेले ते अन्न होते. ही माणसे भीक मागत निघाली नव्हती, आपली शिदोरी घेऊन घराकडे निघाली होती. त्याच वर्षी कलकत्त्याच्या बेहाला भागातील बारिशा क्लबच्या पूजेत दुर्गेची मूर्ती स्थलांतरित मजूर स्त्रीच्या रूपात घडविण्यात आली. कडेवर उघडे मूल घेऊन ती चालते आहे. शिल्पकाराने तिला दुबळी केले नाही. ती पाठमोरी वळून पाहते तेव्हा देवीच वाटते. संकटकाळात शरीर कसे घडवावे याचा हा आपल्या काळातला धडा आहे.

कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? तीन गोष्टी सुचवितो.

पहिली: ज्याचे चित्र काढाल किंवा छायाचित्र घ्याल त्याचे नाव, गाव आणि काम विचारा. नाव छापावे की नाही हे त्याला ठरवू द्या. पोलिसांच्या किंवा मालकाच्या भयाने तो नको म्हणाला तर छापू नका. पण आपल्या वहीत असू द्या. विचारणे यातच निम्मा सन्मान आहे.

दुसरी: छाटताना सांभाळा. पत्रकात जागा कमी असते, निधीची घाई असते, हे मला ठाऊक आहे. चित्रातून हत्यार, अवजार, सोबतचा माणूस निघून जात असेल तर ते चित्र वापरू नका. एकट्या माणसाचा रिकामा हात पैसे मिळवून देतो, संघटना मिळवून देत नाही.

तिसरी: संकट येण्याची वाट पाहू नका. आपण माणसाकडे पाहतो ते तो मेल्यावर किंवा मरू लागल्यावर. मावळात लावणी चालू असताना, चाकण-तळेगावच्या कारखान्यांत पाळी सुटताना, चिक्कीच्या भट्टीपुढे, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात, घाटात रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीबरोबर, आपल्या तरुणांनी वही घेऊन बसावे. सेवा दलाच्या कलापथकांनी एके काळी गावोगाव गाणी आणि वगनाट्ये नेली. तशी चित्रे नेता येतील. चावडीत, शाळेच्या पडवीत, ज्यांची चित्रे त्यांच्याच समोर ती लावावीत. त्यांनी चुका काढाव्यात. हातोडी अशी धरत नाहीत, इरले असे बसत नाही, हे त्यांनी सांगावे आणि आपण पुसून पुन्हा काढावे. बोरघाटातल्या मजुरांचे एक शिल्प या गावात उभे राहावे अशी मागणी नगरपरिषदेकडे आपण या शिबिरातून करावी, असा माझा प्रस्ताव आहे. त्यावर दुपारच्या सत्रात चर्चा व्हावी.

शेवटी शिरूरच्या त्या बाईकडे परत येतो. दुसऱ्या भेटीत मी तिचे नाव विचारून लिहून घेतले आणि मूळ रेखाटनाची नक्कल तिला देण्याचे कबूल केले. जून उजाडला, पाऊस झाला, कामे बंद झाली आणि माणसे आपापल्या गावी पांगली. मी नक्कल घेऊन गेलो तेव्हा तिथे फक्त फोडलेल्या खडीचे ढीग होते. ते रेखाटन आजही माझ्यापाशी आहे. त्यात हातोडी आहे, दगड आहे आणि खाली तिचे नाव आहे. हे नाव सांगायला तिची अनुमती मला आता मिळणार नाही, म्हणून ते मी सांगत नाही. तिच्या आळीतले, तिच्या नात्यातले कोणी भेटले तर ते चित्र त्यांच्या हाती द्यायचे आहे. शिरूरकडचे कोणी मित्र इथे असतील तर त्यांनी जेवणाच्या सुटीत मला भेटावे. मी ते बरोबर आणले आहे.